अर्थ शेवटी सांगा: सातवी-आठवीच्या वर्गात कवितेपासून मुलांच्या स्वतःच्या गोष्टीपर्यंत

एका वर्षी आठवीच्या तुकडीला मी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा निबंध दिला. फळ्यावर मुद्दे लिहून दिले होते. पंचावन्न वह्या घरी आणल्या आणि तपासायला बसले, तर जवळजवळ प्रत्येक वहीत मोर पिसारा फुलवून नाचत होता. आमच्या गावात मोर नाही. त्याच आठवड्यात गावचा ओढा फुगला होता आणि वाडीवरची मुलं दोन दिवस शाळेत येऊ शकली नव्हती. त्यातल्या एकाही मुलाच्या वहीत ओढा नव्हता.

त्या वह्या मी अजून विसरलेले नाही, कारण चूक मुलांची नव्हती. कविता शिकवताना मी आधी अर्थ सांगत होते आणि निबंध देताना आधी मुद्दे देत होते. मुलाने बघण्याआधी, आठवण्याआधी, बोलण्याआधी त्याच्या हातात तयार माल ठेवला की ते तोच परत करणार. साहित्य शिकवणं आणि लिहायला शिकवणं या दोन्हीत बहुतेक ठिकाणी हीच एक गोष्ट चुकते: पायऱ्यांचा क्रम.

खाली जो क्रम दिला आहे तो नऊ तासिकांचा आहे, ३५ ते ४० मिनिटांची एक तासिका धरून. सातवी-आठवीला नीट चालतो. नववीलाही चालतो, फक्त तिथे तासिका मिळवायला झगडावं लागतं. वर्गात पन्नास-साठ मुलं आहेत असं धरूनच लिहिलं आहे.

## आधीची तयारी

१. मजकूर लहान निवडा. आठ ते सोळा ओळी. मोठा पाठ घेतला की वेळ वाचण्यातच जातो आणि शिक्षक घाईने अर्थ सांगून मोकळा होतो. या लेखात मी बालकवींची ‘औदुंबर’ ही कविता धरली आहे. कविता आठ ओळींची आहे, तिच्यात एकही माणूस नाही, कुणी काही बोलत नाही, आणि जे आहे ते सगळं डोळ्यांना दिसतं. पहिल्या फेरीला अशीच कविता हवी. तुमच्या पुस्तकातली दुसरी एखादी लहान कविता चालेल, पण जिच्यात उपदेश आहे ती नको. उपदेशाची कविता मुलं वाचत नाहीत, तात्पर्य शोधतात.

२. मोठ्याने वाचून बघा. घरी, तीनदा. श्वास कुठे घ्यायचा, तिथे पेन्सिलीने रेघ मारा. शिक्षक अडखळला की मुलांच्या कानात कविता मोडते आणि ती पुन्हा सांधता येत नाही.

३. गाईड बंद ठेवा. मुलांचं आणि तुमचंही. कविता वाचून तुम्हाला स्वतःला काय कळलं नाही ते एका कागदावर लिहा. वर्गात विचारायचे सर्वांत चांगले प्रश्न त्या कागदावरच सापडतात.

४. वेगळी वही करायला सांगा. चाळीस पानी पुरे. फक्त उजव्या पानावर लिहायचं, डावं पान कोरं. ते कोरं पान पाचव्या पायरीपासून लागणार आहे. ही अट पहिल्याच दिवशी घातली नाही तर नंतर मुलं समासात आणि दोन ओळींच्या मध्ये कोंबत बसतात.

५. तिसऱ्या पायरीसाठी एक पिशवी भरा. चिंचोका, रिठा, एसटीचं जुनं तिकीट, फुटकी बांगडी, गंजलेलं कुलूप, रिकामी काडेपेटी, तुटलेल्या चपलेचा अंगठा. वीसेक वस्तू पुरतात.

> तपासा: मुख्याध्यापकांना दोन गोष्टी आधी सांगितल्या का? एक, चौथ्या तासिकेला वर्ग पटांगणात जाणार आहे. दोन, या वहीत पहिले काही दिवस लाल शाई दिसणार नाही. दुसरी गोष्ट सांगितली नाही तर वह्यांच्या तपासणीच्या दिवशी तुमचीच अडचण होते.

## पायरी १: ऐकणं आणि काढणं (तासिका १)

पुस्तकं दप्तरात. कवीचं नाव नाही, जन्मसाल नाही, शब्दार्थ नाहीत. फक्त म्हणा, “डोळे मिटायचे तर मिटा. मी आठ ओळी वाचते.” एकदा वाचा. दहा सेकंद थांबा. पुन्हा वाचा.

मग कोऱ्या कागदावर चित्र काढायला सांगा. चित्रकलेचा तास नव्हे हे आधीच स्पष्ट करा. रेघा आणि गोल चालतील, पण कुठे काय आहे ते दिसलं पाहिजे. झरा कुठून कुठे जातो? गाव कुठे? वाट कशातून जाते, कुठे पोचते? झाड कुठे? बारा मिनिटं द्या.

आता कविता फळ्यावर लिहा आणि दोन-तीन चित्रं शेजारी लावा. इथे खरं शिकवणं सुरू होतं. माझ्या वर्गात दर वेळी दोन गोष्टी होतात. बरीच मुलं गाव अलीकडे काढतात, अगदी कागदाच्या खालच्या कडेला. कुणीतरी फळ्याकडे बघून म्हणतं, “बाई, गाव पैल टेकडीकडे आहे.” मग ऐल म्हणजे काय, पैल म्हणजे काय, हे मुलं एकमेकांना सांगतात. शब्दार्थ लिहून द्यावे लागत नाहीत. दुसरी गोष्ट झाडाची. झाड काठावर, सरळ, पाण्यापासून लांब. शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं असतं तसं. पुन्हा शेवटची ओळ वाचायची. “पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.” पाय कुठले? मुळं! खोडरबर निघतात, झाडं पाण्याकडे सरकतात.

कविता समजली का, याची तपासणी तोंडी प्रश्नांनी होत नाही. “समजलं का?” म्हटलं की साठ मुलं हो म्हणतात. चित्र खोटं बोलत नाही.

> सावधान: या तासिकेला “कवीला काय सांगायचंय?” हा प्रश्न विचारायचा नाही. विचारलात तर पुढच्या तीन तासिका वाया गेल्या असं समजा. मुलं बघणं सोडतात आणि तुमच्या मनातलं उत्तर ओळखायला लागतात.

## पायरी २: शब्द बदलून बघणं (तासिका २)

कविता आता वहीत उतरवून घ्या. फळ्यावरून बघून, सावकाश, हाताने. हे काम जुनाट वाटतं, पण उतरवताना मुलाची नजर प्रत्येक शब्दावरून जाते.

पहिलं काम मोजणीचं. रंगांचे शब्द अधोरेखित करा. हिरवाळी, निळासांवळा, हिरवी, पांढरी, पुन्हा हिरव्या, काळ्या, काळिमा. आठ ओळींत सात. मग विचारा, सुरुवातीला कुठला रंग जास्त आणि शेवटी कुठला? नजर उजेडातून अंधाराकडे चालली आहे हे मुलं स्वतः सांगतात. दुसरं, नजर कुठून कुठे येते ते बोटाने दाखवा: झरा, लांबचं गाव, पुढची शेतं, पांढरी वाट, डोह आणि मग एक झाड. मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्या पिढीला हे झटकन कळतं. त्यांच्या शब्दांत, “झूम केलंय.” तो शब्द राहू द्या.

मग खरा खेळ. एक शब्द काढायचा, दुसरा घालायचा आणि काय बिघडलं ते सांगायचं.

- ‘बसला’च्या जागी ‘उभा’ घाला. झाडं उभी असतात, हे बसलंय. का?
- ‘गोड काळिमा’मधला ‘गोड’ काढा. काळोख गोड कसा असेल? भर दुपारी शेतातून आल्यावर झाडाखाली बसलेल्या मुलाला विचारा.
- ‘असला’ काढून ओळ वाचा.

शेवटच्या प्रश्नावर घाई करू नका. ‘असला’ काढला की फक्त झाड उरतं. ‘असला’ ठेवला की आत्तापर्यंतचं सगळं, झरा, वाट, सावली, त्या एका शब्दात येऊन बसतं. आठवीतलं मूल हे एवढ्या शब्दांत सांगणार नाही. “असला म्हटलं की बोट दाखवल्यासारखं वाटतं,” असं एका मुलीने मला सांगितलं होतं. याहून चांगलं रसग्रहण मी वाचलेलं नाही.

आता, म्हणजे दुसऱ्या तासिकेच्या शेवटच्या दहा मिनिटांत, अर्थाकडे वळा. हे झाड कोणासारखं वाटतं? कुणी म्हणेल ध्यान लावून बसलेला बुवा. कुणी म्हणेल दमलेला शेतकरी, कुणी म्हणेल शाळा बुडवून पाण्यात पाय सोडून बसलेला पोरगा. सगळं चालेल, एका अटीवर: कुठल्या शब्दावरून, ते बोट ठेवून दाखवायचं. शब्द दाखवता आला नाही तर मत कितीही छान असो, ते कवितेचं नाही.

औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, असं कुणीतरी नक्की म्हणेल. सांगली-कोल्हापूरकडच्या वर्गात तर पहिल्याच मिनिटाला म्हणेल, कारण पलूस तालुक्यात कृष्णाकाठी औदुंबर नावाचं क्षेत्रच आहे. “गप्प बस” म्हणू नका. फळ्याचे दोन भाग करा: ‘कवितेत आहे’ आणि ‘आपण बाहेरून आणलं’. दत्त दुसऱ्या भागात लिहा. हे दोन खाने वेगळे ठेवायची सवय लागली की पुढे दहावीला कृतिपत्रिकेत रसग्रहण लिहिताना पाठ केलेली वाक्यं लागत नाहीत.

कवीची माहिती आता सांगा. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे. जन्म १८९० चा, खानदेशातल्या धरणगावचा. १९१८ मध्ये रेल्वेखाली सापडून गेले तेव्हा अठ्ठाविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं. दोन मिनिटं पुरतात. कविता आधी आवडलेली असली की ही दोन मिनिटं मुलं जीव लावून ऐकतात.

## पायरी ३: कोडी घालणं (तासिका ३)

झाड ‘बसतं’ म्हणजे काय, हे समजलं. आता मुलांना तसं स्वतः करता आलं पाहिजे. इथे बरेच शिक्षक उपमा, रूपक, चेतनगुणोक्ती यांच्या व्याख्या देतात. व्याख्या पाठ होतात, रूपक येत नाही. त्याऐवजी आजीकडचा माल काढा. कुठे कोडी म्हणतात, कुठे हुमाण, कुठे उमाणे.

“बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे.” जीभ. “कोकणातून आला भट, धर की आपट.” नारळ. “पांढरं पातेलं, पिवळा भात.” अंडं.

विचारा, या कोड्यात वस्तूचं नाव आहे का? नाही. मग ओळखलं कशावरून? ती दिसते कशी आणि करते काय, यावरून. एवढं कळलं की पिशवी फिरवा. तिघातिघांत एक वस्तू. नियम फळ्यावर लिहा:

१. वस्तूचं नाव, रंग आणि ती कशाची बनली आहे हे सांगायचं नाही.
२. ती माणूस किंवा प्राणी असती तर काय करत असती ते सांगायचं.
३. दोन ओळींपेक्षा जास्त नाही.

गंजलेल्या कुलपावर एका गटाने लिहिलं होतं, “मालक परगावी गेला, हा दार धरून म्हातारा झाला.” सहावी-सातवीच्या मुलाला हे जमतं, फक्त नियम घट्ट हवेत. ‘कल्पना करा’ म्हटलं की जमत नाही.

> तपासा: दुसऱ्या गटाला कोडं एका मिनिटात ओळखता येतं का? लगेच ओळखलं तर ते फार सरळ झालं. अजिबात ओळखता आलं नाही तर ते वस्तूपासून सुटलं. दोन्ही वेळा एकच शब्द बदलून पुन्हा घाला. सगळं नव्याने लिहायला लावू नका.

## पायरी ४: बघून टिपणं (तासिका ४)

वर्ग बाहेर काढा. पटांगण, पाण्याची टाकी, गेटजवळचं दुकान, सायकलींची रांग. शहरातली शाळा असेल आणि पटांगण नसेल तर जिना आणि खिडकी. प्रत्येकाने एकच जागा निवडायची आणि दहा मिनिटं तिथून हलायचं नाही. वहीत पंधरा नोंदी, एका ओळीत एक. त्यांत निदान तीन कानाच्या, दोन नाकाच्या आणि एक स्पर्शाची.

बाहेर जाण्याआधी फळ्याच्या कोपऱ्यात ‘बंद शब्दां’ची यादी लिहा आणि ती नवव्या तासिकेपर्यंत पुसू नका: *सुंदर, छान, खूप, मस्त, रम्य, निसर्गरम्य, मनमोहक, प्रेमळ, मजा आली.* हे शब्द वाईट नाहीत. पण मुलाने ‘सुंदर’ लिहिलं की त्याचं बघणं तिथेच संपतं.

परत आल्यावर पाचजणांच्या नोंदी ऐका. “टाकीचा नळ गळतोय” ही साधी नोंद झाली. “टाकीचा नळ गळतोय, खाली शेवाळ, शेवाळात एक मधमाशी पाणी पितेय” ही कामाची. फरक मुलांनाच सांगू द्या.

## पायरी ५: आधी सांगा, मग लिहा (तासिका ५ आणि ६, शक्यतो लागोपाठ)

सगळ्यांत जास्त वर्ग इथेच फसतात. विषय फळ्यावर, मुद्दे फळ्यावर, “लिहा.” मूल पेनचं टोपण चावत बसतं आणि मग पाठ असलेलं लिहितं: “आटपाट नगर होतं”, “मी एक पुस्तक बोलतोय”, आणि शेवटी “तेवढ्यात मला जाग आली.”

विषय देऊ नका, चौकट द्या. माझी चौकट अशी असते:

- जागा एकच. ती तुम्ही स्वतः पाहिलेली असली पाहिजे.
- वेळ अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही.
- माणसं दोन, फार तर तीन.
- त्यातल्या एकाला काहीतरी हवं आहे आणि ते सहज मिळत नाही.

‘हवं’ म्हणजे मोठं काही नको. बसमध्ये खिडकीची जागा. शेजाऱ्याच्या गच्चीत गेलेला चेंडू. मामाकडे जायची परवानगी. चौथी अट जितकी लहान तितकी गोष्ट चांगली होते. मुलं अपघात, खून आणि भूतबंगला घ्यायला बघतात, कारण टीव्हीवर तेच असतं.

जोड्या करा. एकाने दुसऱ्याला गोष्ट तोंडी सांगायची, तीन मिनिटं. ऐकणाऱ्याने मध्ये फक्त एकच प्रश्न विचारायचा: “मग काय झालं?” मग अदलाबदल. वर्गात गोंगाट होईल, होऊ द्या. शेजारच्या वर्गाला आधी कल्पना दिलेली बरी. तोंडी सांगितलेली गोष्ट कागदावर उतरते तेव्हा वाक्यं बोलल्यासारखी येतात, आणि पहिल्या खर्ड्याला तीच हवी असतात.

मग पंधरा मिनिटं शांतपणे लेखन. पेन थांबवायचं नाही. शब्द अडला तर रेघ मारून पुढे जायचं. ऱ्हस्व-दीर्घ आत्ता बघायचं नाही, खोडायचं नाही, बाईंना विचारायला उठायचं नाही. आणि या पंधरा मिनिटांत तुम्हीही लिहा. टेबलाशी बसून, खरोखर. मुलं डोकं वर करून बघतात आणि पुन्हा खाली घालतात. फेऱ्या मारणाऱ्या शिक्षकाच्या सावलीत कुणी मनातलं लिहीत नाही.

बोलीबद्दल. संवाद घरी बोलतात तसेच लिहायचे, हे आधीच जाहीर करा. वऱ्हाडातल्या मुलाच्या गोष्टीतली माय “कुठं जात आहेस?” असं विचारत नाही, ती “कुठी चालला?” म्हणते. मालवणातला आजा “खंय चललंस?” म्हणेल. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद बोलीत, एवढी विभागणी मुलांना पटकन कळते. घरी पावरी, गोंडी किंवा गोरमाटी बोलणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना संवाद त्यांच्याच भाषेत लिहू द्या आणि डाव्या पानावर मराठी अर्थ. जी मुलं वर्षभर एक ओळ लिहीत नाहीत ती या एका परवानगीने पानभर लिहितात, हे मी एकापेक्षा जास्त वर्गांत पाहिलं आहे.

> सावधान, हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका: मोकळं लिहायला दिलं की एखादं मूल घरातली मारहाण, दारू, उपास, नको असलेला स्पर्श याबद्दल लिहितं. म्हणून सुरुवातीलाच सांगा: जे पान वर्गात वाचायचं नसेल त्याचा कोपरा दुमडा. दुमडलेलं पान कुणी मोठ्याने वाचणार नाही, पण बाई वाचतील. “मी कुणालाही सांगणार नाही” असं वचन कधीही देऊ नका. ते पाळता येत नाही. असं पान आलं तर मुलाशी एकट्याशी, पण उघड्या जागी बोला, मुख्याध्यापकांना त्याच दिवशी कळवा, आणि धोका दिसत असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनची मदत घ्या. त्या पानावर व्याकरणाची एकही खूण करू नका.

## पायरी ६: एकमेकांचं ऐकणं (तासिका ७)

चारचारांचे गट. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वही हातात घ्यायची नाही, नाहीतर सगळे अक्षराकडेच बघतात. वाचून झाल्यावर प्रत्येकाने तीनपैकी एक वाक्य पुरं करायचं:

- “मला … दिसलं.”
- “… इथे मी गोंधळलो.”
- “मला … बद्दल अजून ऐकायचंय.”

‘छान’ आणि ‘बोअर’ दोन्ही बंद. वाचणाऱ्याने खुलासा करायचा नाही, फक्त डाव्या पानावर टिपून घ्यायचं. पहिल्या वेळी हे अवघडल्यासारखं होतं, म्हणून आधी तुमची स्वतःची गोष्ट वाचा आणि वर्गाला तिच्यावर ही तीन वाक्यं म्हणू द्या. “बाई, तो मुलगा रडला का ते कळलं नाही,” असं कुणी म्हणालं तर वहीत टिपा आणि पुढच्या तासाला बदल करून दाखवा.

त्या दिवसापासून वह्या गोळा करा, पण साठ एकदम नाही. रोज पंधरा, चार दिवसांत सगळ्या. प्रत्येक वहीत डाव्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहा. शेरा नको, गुण नकोत, प्रश्न. एका वहीला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत.

## पायरी ७: दुसरा खर्डा (तासिका ८)

‘पुन्हा लिहा’ म्हटलं की मुलं तेच सुवाच्य अक्षरात उतरवतात. पुनर्लेखन म्हणजे काय, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून दाखवा. माझ्याकडच्या एका मुलाचा पहिला खर्डा असा होता:

*“मी सुट्टीत आजीकडे गेलो. आजी खूप प्रेमळ आहे. तिने मला खूप खायला दिले. खूप मजा आली.”*

चौकट मोडली आहे, बंद शब्दही आहेत. मी डाव्या पानावर एवढंच लिहिलं: “आजीने नेमकं काय केलं, म्हणून तुला ती प्रेमळ वाटली?” दोन दिवसांनी त्याच पानावर हे आलं:

*“आजीने माझ्यासाठी साय काढून ठेवली होती. वाटीवर बशी आणि बशीवर दगड. मांजर फिरत होतं ना. मी म्हटलं, दादाला पण दे. ती म्हणाली, तू खा आधी, तो मोठा आहे. दादा दारातच उभा होता.”*

ही दोन्ही मी दर वर्षी फळ्यावर लिहिते आणि विचारते, दुसऱ्यात ‘प्रेमळ’ शब्द कुठे गेला? मुलं बशीवरच्या दगडाकडे बोट दाखवतात. मग दारात उभ्या असलेल्या दादाबद्दल विचारते. तिथे वर्ग शांत होतो, कारण बहुतेकांच्या घरी कुणीतरी असं दारात उभं राहिलेलं असतं.

यानंतर प्रत्येकाने आपल्या खर्ड्यात तीनच कामं करायची. जिथे बंद शब्द आहे तिथे केलेली कृती किंवा दिसलेली वस्तू घालायची. जिथे मित्र गोंधळला तिथे एक वाक्य वाढवायचं. आणि शेवटची दोन वाक्यं काढून बघायची. हे तिसरं काम मुलांना जड जातं. शेवटी “तेव्हापासून मी ठरवले की…” असं लिहायची सवय तिसरीपासून लागलेली असते. काढून वाचा, गोष्ट उभी राहते का बघा. दहापैकी आठ वेळा राहते.

> सावधान: सुधारणा तुम्ही सुचवा, पण वाक्य तुम्ही लिहून देऊ नका. एकदा दिलंत की पुढची गोष्ट मूल तुमच्यासारखी लिहिणार. पालकांनाही हेच सांगा. दुसऱ्या खर्ड्यात अचानक ‘वात्सल्यमूर्ती’ आली की ती घरून आलेली असते.

## पायरी ८: शुद्धलेखन आणि भिंत (तासिका ९)

शुद्धलेखन आत्ता, आणि एका फेरीला एकच नियम. पहिल्या फेरीला मी शब्दाच्या शेवटचा इकार-उकार घेते: कवी, पाटी, गुरू, लिंबू सगळे दीर्घ, ‘आणि’, ‘नि’ अपवाद. दुसऱ्या फेरीला अवतरणचिन्हं आणि बोलणारा बदलला की नवी ओळ. सगळे नियम एकदम लावले की वही लाल होते आणि मूल पुढच्या वेळी फक्त खात्रीचे शब्द वापरतं. ‘मधमाशी’ ऱ्हस्व की दीर्घ, या भीतीने ती मधमाशीच गोष्टीतून उडून जाते. बोलीतले संवाद तपासताना हात आवरा. “चालला” कापून “जात आहेस” करू नका.

मग गोष्टी बाहेर न्या. भित्तिपत्रक, हस्तलिखित, परिपाठात रोज एक वाचन, काहीही चालेल, पण साठच्या साठ मुलांचं काही ना काही लागलं पाहिजे. पूर्ण गोष्ट जमली नसेल तर त्याचं कोडं लावा, नाहीतर चौथ्या तासिकेतली एक नोंद. निवडक दहा लावल्या की उरलेली पन्नास मुलं पुढच्या फेरीला मनाने येत नाहीत.

गुण द्यायचे तर आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, या वहीला जागा करता येते, उपक्रम म्हणून. मी चार गोष्टी बघते: चौकट पाळली का, नेमकी दिसणारी किंवा ऐकू येणारी निदान तीन तपशिलं आहेत का, पहिल्या आणि दुसऱ्या खर्ड्यात खरा बदल आहे का, आणि दुसऱ्याची गोष्ट ऐकून कामाचा प्रश्न विचारला का. अक्षराला गुण नाहीत. वर्णनात्मक नोंद लिहिताना ‘लेखन चांगले आहे’ असं न लिहिता पानावरचंच काहीतरी लिहा: “वाटीवरच्या दगडातून आजीची काळजी दाखवली.”

## बहुतेक वेळा काय चुकतं

कवितेनंतर लगेच “आता तुम्ही कविता करा.” मुलं यमकाच्या मागे लागतात. पाऊस आला की मोर नाचला, शाळा आली की फळा काळा. मधल्या पायऱ्या गाळल्या की असं होतं. कविता लिहून घ्यायचीच असेल तर दुसऱ्या सत्रात, आठ ओळी, यमक न जुळवता, आणि चौथ्या तासिकेतल्या नोंदींवरून.

तासिका तुटणं. पाचवी आणि सहावी तासिका यांच्यात शनिवार-रविवार आला तर तोंडी सांगितलेली गोष्ट विरून जाते. लिहिण्याआधी पाच मिनिटं पुन्हा सांगून घ्या. मधेच घटक चाचणी येणार असेल तर ही फेरी सुरूच करू नका.

हुशार मुलांनाच वाचायला उभं करणं. ती पाठांतरात हुशार असतात, लिहिण्यात बऱ्याचदा सर्वांत बेतलेली. पहिल्या वाचनाला मागच्या बाकावरचं कुणीतरी घ्या.

एकदाच करणं. सत्रात दोन फेऱ्या, वर्षात चार. दुसऱ्या फेरीला मजकूर बदला: कविता नको, जात्यावरच्या ओव्या घ्या. मुलांना घरी पाठवा आणि आजीकडून, शेजारच्या म्हातारीकडून दोन ओव्या लिहून आणायला सांगा. ज्यांच्या घरी कुणी उरलं नसेल त्यांच्यासाठी ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर गावोगावच्या बायकांच्या आवाजात ओव्या ऐकायला मिळतात. तिसऱ्या फेरीला गद्य हवं असेल तर शाळेच्या कपाटात बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक बघा. १९७१ पासून निघणारं मासिक आहे, जुन्या शाळांत गठ्ठे बांधून ठेवलेले असतात.

वही रद्दीत जाणं. वर्षअखेरीला ती मुलाला परत द्या. दुमडलेली पानं असलेल्या वह्या हातोहात द्या, टेबलावर ढीग लावून “आपापल्या घ्या” असं सांगू नका.